उच्च चुंबकीय क्षेत्रातील फंक्शनल एमआरआय : प्रतिमेची गुणवत्ता

मेंदूचा कोणता भाग केव्हा कामाला लागतो हे कवटी न उघडता पाहण्याचे तंत्र म्हणजे फंक्शनल एमआरआय. ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) वर, मुख्यतः ७ टेस्लाच्या यंत्रावर ही तपासणी करताना चित्र स्पष्ट, अचूक आणि स्थिर राहावे म्हणून योजल्या जाणाऱ्या उपायांची ही नोंद आहे. रुग्णालयांतील बहुतेक यंत्रे १.५ किंवा ३ टेस्लाची असतात. ७ टेस्लाचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या लाखपटीहून जास्त असते.

ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन किंचित चुंबकीय असते, ऑक्सिजन धरलेले नसते. मेंदूचा एखादा भाग सक्रिय झाला की तिथे गरजेपेक्षा जास्त ताजे रक्त येते, चुंबकीय हिमोग्लोबिनचे प्रमाण घटते आणि संकेत, म्हणजे शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनच्या केंद्रकांकडून (प्रोटॉनांकडून) यंत्राला मिळणारी रेडिओ लहर, जरासा वाढतो. हा ‘बोल्ड’ (रक्तातील ऑक्सिजनच्या पातळीवर अवलंबून असलेला) परिणाम सेजी ओगावा यांनी बेल प्रयोगशाळेत १९९० मध्ये दाखवला. १९९२ मध्ये माणसावरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. वाढ जेमतेम काही टक्क्यांची असते. क्षेत्र वाढवले की मूळ संकेतही वाढतो आणि हा फरकही ठळक होतो, म्हणून मोठ्या चुंबकांचा आग्रह.

अडचण अशी की ज्या चुंबकीय फरकामुळे रक्त दिसते, तसाच फरक हवा आणि ऊतक यांच्यातही असतो, आणि तोही क्षेत्राबरोबर वाढतो. नाकामागची सायनस आणि कानाच्या पोकळ्या यांच्या लगतचे भाग, म्हणजे डोळ्यांच्या खोबणीवरचा अग्रखंड आणि शंखखंडाचा तळ, यांची चित्रे सर्वांत जास्त बिघडतात. तिथे कुठे संकेत नाहीसा होतो, तर कुठे तो भलत्या जागी उमटतो.

भलत्या जागी का, ते थोड्या हिशेबाने कळते. फंक्शनल एमआरआयसाठी पीटर मॅन्सफिल्ड यांची एको-प्लॅनर पद्धत वापरतात. तिच्यात एका छेदाची, म्हणजे मेंदूच्या एका पातळ चकतीची, सगळी माहिती एका दमात वाचली जाते. बिंदूची जागा यंत्र त्याच्या संकेताच्या वारंवारतेवरून ठरवते. या वाचनाला ५० मिलिसेकंद लागले, तर फेज-एन्कोडिंगच्या दिशेत (चित्राच्या दोन दिशांपैकी जी सावकाश वाचली जाते ती) एका पिक्सेलच्या वाट्याला २० हर्ट्झ येतात. ७ टेस्लाला प्रोटॉनची वारंवारता सुमारे २९८ मेगाहर्ट्झ असते. तीत १०० हर्ट्झचा, म्हणजे दहा लाखांत एक भागाहूनही कमी फरक पडला तरी तो बिंदू ५ पिक्सेल सरकतो. पिक्सेल २ मिलिमीटरचा असेल तर चूक १ सेंटिमीटरची.

यावर पहिला इलाज म्हणजे शिमिंग : जादा कॉइलांतून (तारेच्या वेटोळ्यांतून) प्रवाह सोडून क्षेत्र शक्य तितके एकसारखे करणे. दुसरा, वाचनच आखूड करणे. संकेत टिपणाऱ्या अनेक ग्राहक कॉइल एकाच वेळी वापरून माहितीच्या काही ओळी गाळायच्या आणि कॉइलांच्या वेगवेगळ्या नजरेवरून त्या गणिताने भरून काढायच्या. सेन्स (१९९९) आणि ग्रापा (२००२) या पद्धती याच विचाराच्या. त्यांची किंमत गोंगाटाच्या रूपाने मोजावी लागते, तरी ७ टेस्लावर त्यांच्यावाचून निभाव लागत नाही. तिसरा इलाज चित्रे मिळाल्यानंतरचा. क्षेत्राचा नकाशा काढून बिंदू मूळ जागी सरकवतात. किंवा उलटसुलट फेज-दिशांनी दोन चित्रे घेतात, ज्यांत तीच विकृती विरुद्ध बाजूंना होते, आणि दोन्हींवरून खरी जागा काढतात. हे सगळे सरकलेल्या संकेतासाठी. जो संकेत मुळात नाहीसाच झाला तो कोणतेही सॉफ्टवेअर परत आणत नाही. त्यासाठी पातळ छेद आणि कमी एको-काळ (रेडिओ लहर सोडल्यापासून संकेत वाचेपर्यंतचा वेळ) आधीच निवडावा लागतो.

प्रोटॉनांना चेतवण्यासाठी यंत्र सोडते त्या रेडिओ लहरींचा प्रश्न निराळा. ७ टेस्लाला ऊतकातली तरंगलांबी १२-१३ सेंटिमीटरवर येते, म्हणजे डोक्यापेक्षाही कमी. त्यामुळे मध्यभाग उजळ आणि शंखखंड काळपट दिसतात. कॅल्शियम टायटेनेटच्या लगद्याच्या उशा डोक्यालगत ठेवणे हा स्वस्त उपाय. अनेक प्रक्षेपक स्वतंत्रपणे चालवणे हा महागडा.

चित्र सुबक दिसले तरी काळानुसार स्थिर राहीलच असे नाही. छाती हलली की डोक्यातले क्षेत्रही हलते, नाडीचे ठोके मिसळतात. हा शारीरिक गोंगाट संकेताच्या प्रमाणातच वाढत असल्याने चित्राचे घनाकार घटक, म्हणजे व्हॉक्सेल, मोठे घेतले तर ७ टेस्लाचा फायदा बराचसा वाया जातो. घटक १ मिलिमीटरच्या आसपास आणले की यंत्राचा उष्मीय गोंगाट वरचढ ठरतो, आणि तो ‘नॉर्डिक’ या गणिती पद्धतीसारख्या पद्धतींनी बराच गाळता येतो. श्वास व नाडी नोंदवून त्यांचा प्रभाव वजा करण्याची रेट्रोइकॉर पद्धत २००० सालची आहे.

इतक्या बारीक घटकांत २ ते ४ मिलिमीटर जाडीच्या बाह्यकातले (मेंदूच्या बाहेरच्या आवरणातले) थर वेगळे पाहण्याची शक्यता निर्माण होते. पण नेहमीच्या ग्रेडियंट-एको चित्रात पृष्ठभागावरच्या मोठ्या शिरा सर्वांत जोरात चमकतात, आणि त्यांतले रक्त खालच्या थरांतून वाहून आलेले असते. स्पिन-एको पद्धतीत हा प्रभाव कमी होतो, मात्र संकेतही घटतो आणि ऊतक जास्त तापते. फ्रान्समधील साक्ले येथील ११.७ टेस्लाच्या इझ्यूल्ट यंत्राने २०२४ मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूची पहिली चित्रे दिली. ती मेंदूच्या रचनेची होती, कार्याची नव्हे.