घरावरचं तारण कर्ज थकलं: नोटिशीपासून लिलावापर्यंत काय करता येतं, कधीपर्यंत

बँकेची नोटीस आली की बहुतेक जण आतला कागद ठेवतात आणि पाकीट फेकून देतात. पाकीट फेकू नका, नोटिशीला टाचून ठेवा. कागद तुमच्या हातात कधी पडला याचा पुरावा म्हणजे त्यावरचा पोस्टाचा शिक्का, आणि पुढची बहुतेक भांडणं तारखांचीच असतात. पाकीट घ्यायचंच नाकारणं हाही उपाय नाही. मग नोटीस दारावर चिकटवतात, वर्तमानपत्रात छापतात आणि ती मिळाली असंच धरलं जातं.

आधी नोटिशीवरचं कलम वाचा. राहतं घर तारण ठेवून धंद्यासाठी, लग्नासाठी किंवा आजारपणासाठी घेतलेलं कर्ज बँकेचं असेल, तर वसुली बहुधा २००२ च्या सरफेसी कायद्याने होते, म्हणजे बँकेला न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन विकता येतं. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. एनबीएफसीला, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपनीला, तो २० लाख आणि त्यावरच्या कर्जांसाठीच वापरता येतो. पतसंस्थेचा मार्ग निराळा: तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो आणि खाली दिलेल्या मुदती त्याला लागू नाहीत. हे न पाहता शेजाऱ्याच्या प्रकरणातलं उत्तर उतरवून पाठवणारे कमी नाहीत.

सरफेसीतून काही कर्जं सुटतात. येणं १ लाखापर्यंतच असेल, किंवा मुद्दल आणि व्याजाच्या एकूण रकमेच्या २० टक्क्यांहून कमी उरलं असेल, तर हा कायदा वापरता येत नाही. शेतजमीनही वगळलेली आहे, पण सातबाऱ्यावर शेती लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका. प्रत्यक्ष वापर काय आहे तेही पाहतात.

हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या दफ्तरी थकीत कर्ज, होतं. त्याआधी शाखेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करून मागणं हा सर्वात स्वस्त उपाय, आणि नेमका तोच लोक लाजेपोटी करत नाहीत. एनपीए झाल्यावर एखादा हप्ता भरून खातं सुधारत नाही. थकलेलं मुद्दल आणि व्याज सगळं भरावं लागतं, तेव्हाच खातं नियमित होतं. ‘थोडे भरा, मी बघतो’ असं वसुलीवाला म्हणाला, तर ते लेखी मागा. रोख देणार असाल तर त्याच जागी पावती घ्या, कारण पावती नसलेला पैसा खात्यात कधीच दिसत नाही.

कलम १३(२) च्या मागणी नोटिशीत ६० दिवस असतात. हे ६० दिवस थकलेल्या हप्त्यांसाठी आहेत असा समज सर्रास दिसतो, पण नोटीस संपूर्ण कर्जाची असते. ‘थकले ८५ हजार आणि नोटीस १९ लाखांची कशी?’ हा प्रश्न म्हणूनच येतो. थकबाकी भरून घेऊन खातं पूर्ववत करणं बँकेच्या मर्जीवर आहे, तो तुमचा हक्क नाही. तरीही अर्ज करा. पूर्ण थकबाकी हातात घेऊन आलेल्या माणसाला बँक सहसा परत पाठवत नाही.

या ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते. ती घेतली की बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. बँकेने उत्तरच दिलं नाही, तर तो मुद्दा पुढे कर्ज वसुली न्यायाधिकरणात तुमच्या बाजूने उभा राहतो. पण त्यासाठी हरकत पोचल्याचा पुरावा हवा, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवा किंवा शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. काउंटरवर ‘ठेवून जा’ म्हणतील, तर शिक्क्याशिवाय हलू नका. हरकत फेटाळली म्हणून लगेच न्यायाधिकरणात जाता येत नाही, ती पायरी पुढची आहे.

हरकतीत ‘परिस्थिती बिकट आहे, दया करावी’ एवढंच लिहून भागत नाही. भरलेला हप्ता जमा झाला नाही, न मागितलेल्या विम्याचा प्रीमियम कर्जात घातला, एनपीएची तारीख चुकली, असा आकडा किंवा तारीख हवी. इथेच अडतं, कारण त्यासाठी लागणारा करारनामा जवळपास कुणाकडेच नसतो. कर्ज मिळालं त्या दिवशी पंचवीस-तीस पानांवर सह्या घेतात, प्रत ‘नंतर कुरियरने येईल’ म्हणतात, आणि तो कुरियर आजतागायत यायचाय. करारनामा, मंजुरीपत्र आणि पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा लेखी अर्ज करून आजच मागा. बँकेने टाळाटाळ केली तर ३० दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. फक्त लोकपाल लिलाव थांबवेल, अशा आशेवर बसू नका.

घर स्वतः विकून कर्ज फेडायचा विचार असेल तर तो चांगलाच आहे, बाजारात लिलावापेक्षा बहुधा जास्त भाव मिळतो. मात्र मागणी नोटीस मिळाल्यावर बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री किंवा भाडेकरार करता येत नाही, आणि ती परवानगी लेखी लागते. गिऱ्हाईक हातचं जाईल या भीतीने आधी विसार घेतात आणि मग परवानगीला धावतात. तोवर विसाराची रक्कम खर्च झालेली असते आणि बँकेच्या जोडीला गिऱ्हाईकही दारात उभं राहतं.

६० दिवस उलटले की कलम १३(४) खाली ताबा. पहिला ताबा बहुधा सांकेतिक असतो: दारावर नोटीस चिकटवतात, फोटो काढतात आणि ७ दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. कुलूप लागत नाही, तुम्ही घरातच असता, त्यामुळे काही घडलंच नाही असं वाटतं. दाराबाहेर शोभा नको म्हणून घरातलं कुणीतरी कागद फाडूनही टाकतं. फाडू नका. तारीख दिसेल असा त्याचा फोटो काढा, कारण त्या दिवसापासून ४५ दिवसांचं घड्याळ सुरू होतं. प्रत्यक्ष ताबा घ्यायला येतील तेव्हा बघू, म्हणून थांबलेल्यांचे ४५ दिवस तोवर केव्हाच संपलेले असतात.

या ४५ दिवसांत कलम १७ खाली कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज करायचा. महाराष्ट्रात ती मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. कर्जदारच नव्हे, कारवाईची झळ पोचलेला सहमालकही अर्ज करू शकतो. येणं १० लाखांच्या आत असेल तर कर्जदाराला दर लाखामागे ५०० रुपये फी पडते. त्यापुढे ५,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक लाखाला २५० रुपये, जास्तीत जास्त १ लाख. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. सोबत नोटिशी, पाकिटं, हरकत आणि तिची पोच, खातेउतारा, पावत्या, घराचे कागद आणि त्या दाराचा फोटो.

दिवाणी न्यायालयात दावा लावायला जाऊ नका. कलम ३४ ने तो दरवाजा बंद आहे आणि तिथे गेलेले दिवस ४५ मधूनच जातात. डीआरटीत नुसता अर्ज दाखल करून कारवाई थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती देताना काही रक्कम भरायला सांगतात, ती तयारी ठेवूनच जा. निकाल विरुद्ध गेला तर ३० दिवसांत अपील, पण त्याला येण्याच्या ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. फार तर ती २५ टक्क्यांपर्यंत खाली येते.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा दंडाधिकाऱ्यांकडे जाते. तिथे तुमचं म्हणणं ऐकायची तरतूद नाही. ‘कलेक्टर ऑफिसात साहेबांना भेटून येतो’ म्हणून खेपा घालू नका.

सर्वात महागात पडणारा गैरसमज लिलावाचा. लिलावाच्या दिवशी सकाळपर्यंत पैसे भरले तर घर वाचतं, असं अजूनही सांगितलं जातं. पूर्वी मुदत तशी लांब होती. २०१६ च्या दुरुस्तीनंतर घर सोडवून घ्यायचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तसाच अर्थ लावला. म्हणजे पहिल्या लिलावाआधी जी ३० दिवसांची सूचना मिळते, ती पैसे गोळा करायची हक्काची मुदत नव्हे. ‘जसे आहे जेथे आहे’ अशी जाहिरात छापून आल्यावर दागिने विकायला निघालेली माणसं पाहिली आहेत. रक्कम पुरी होती, फक्त उशीर झाला होता.

एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस, जाहिरात निघण्याआधीच मागा. मंजुरीपत्रात रक्कम, शेवटची तारीख आणि कारवाई थांबवण्याचा उल्लेख आहे का ते बघा. तडजोडीनंतर सिबिलवर खातं ‘सेटल्ड’ दिसतं आणि पुढचं कर्ज अवघड होतं, हे धरूनच सही करा.

घर विकलं गेलंच, तर बँकेचं येणं आणि खर्च वजा जाऊन उरलेली रक्कम तुमची असते. कुणी फोन करून ती देणार नाही, हिशेब लेखी मागा. रक्कम कमी पडली तर उरलेल्यासाठी बँक तुमच्या आणि जामीनदाराच्या मागे येऊ शकते.

कर्ज पूर्ण फिटलं तर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. नो ड्यूज दाखला घेतला की तलाठ्याकडे किंवा सिटी सर्व्हे कार्यालयात जाऊन सातबारा अथवा मालमत्ता पत्रकावरचा बोजा कमी करून घ्या, आणि नवा उतारा काढून तो खरंच कमी झालाय ना ते डोळ्यांनी बघा.