प्रतिदीप्त सामूदर्शक

जिवंत पेशीतली आम्लता प्रकाशाच्या मदतीने मोजण्यासाठी वापरले जाणारे रंग व प्रथिने. हायड्रोजन आयन जोडला किंवा सुटला की त्यांची चमक बदलते. तत्त्व लिटमसचेच, पण मोजमाप कागदावर नव्हे, सूक्ष्मदर्शकाखाली होते.

पेशीद्रवाचा सामू (pH, आम्लतेचे माप) साधारण ७.२, तर लयकारिकेचा, म्हणजे पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशवीचा (लायसोसोम), ४.५ ते ५. सामू एकाने उतरला की आयन दहापट होतात, म्हणजे लयकारिका पेशीद्रवाहून काहीशे पट आम्लधर्मी. अर्ध्या मायक्रोमीटर व्यासाच्या या पिशवीचा सामू ४.७ धरला, तर आत मोकळे हायड्रोजन आयन जेमतेम ८०० भरतात. तिथे काचेचा इलेक्ट्रोड घालणार कुठे? १९७८ मध्ये शोजी ओकुमा व ब्रायन पूल यांनी उंदराच्या भक्षकपेशींना फ्लुओरेसीन हा सामूप्रमाणे चमकणारा रंग जोडलेले डेक्सट्रान (साखरेच्या रेणूंची लांब साखळी) खाऊ घातले आणि लयकारिकेचा सामू बाहेरूनच वाचला.

पेशीद्रवात मात्र साधे फ्लुओरेसीन टिकत नाही, झिरपून जाते. रॉजर त्सिएन व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये आणलेल्या बीसीईसीएफ या रंगावर ऋणभार जास्त आहे. त्याचे एस्टर पटलातून सहज आत शिरते, पेशीतली विकरे ते तोडतात आणि भारित रंग आत अडकतो. ४९० नॅनोमीटरच्या प्रकाशात त्याची चमक सामूप्रमाणे बदलते, ४४० ला जवळपास बदलत नाही. म्हणून दोन्हींचे गुणोत्तर घेतात. रंग कमी शिरला, पेशी जाड असली, तरी उत्तर फारसे बिघडत नाही. नुसती चमक पाहून सामू सांगणे धोक्याचेच. शिवाय अंशांकन, म्हणजे कोणते गुणोत्तर कोणत्या सामूचे हे ठरवणे, पेशीतच करावे लागते: बाहेर पोटॅशियम आतल्याइतके ठेवून निजेरिसिन (पटलातून पोटॅशियम व हायड्रोजन आयनांची अदलाबदल करणारे द्रव्य) घातले की आतबाहेरचा सामू एक होतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले तर हाती नुसती सुंदर चित्रे उरतात.

१९९८ मध्ये गेरो मिसेनबोक व सहकाऱ्यांनी जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनात बदल करून पीएचफ्लुओरिन घडवले. हा दर्शक पेशी स्वतःच बनवते. चेतापेशीतल्या आम्लधर्मी पुटिकेत (संदेशद्रव्य साठवणाऱ्या चिमुकल्या पिशवीत) तो मंद असतो. पुटिका बाहेर उघडली की लखकन उजळतो.

ऊतींमध्ये अडचण प्रकाशाची. निळा प्रकाश विखुरतो, हिमोग्लोबिन तो शोषते. बंगळुरूत यमुना कृष्णन यांच्या गटाने २००९ मध्ये डीएनएचा ‘आय-स्विच’ हा सामूदर्शक फळमाशीच्या पेशींत वापरला. पुढे तो सी. एलिगन्स या कृमीच्या शरीरातही चालला. अर्थात मिलिमीटरभर लांबीचा हा कृमी मुळात पारदर्शक असतो, म्हणून प्रकाशाची ती अडचण तिथे फारशी येत नाही.