ग्रॅफिनमध्ये थोडी 'भेसळ' केली की चार्ज जास्त मावतो, असं का?

ग्रॅफिनचं कौतुक सगळ्यांनी ऐकलंय, कार्बनचा फक्त एका अणूइतका जाड थर, २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटवरून सोलून काढला आणि २०१० चं नोबेल मिळवलं. त्याच्या एका ग्रॅमचं क्षेत्रफळ थिअरीनुसार २६३० चौरस मीटर भरतं. सुपरकपॅसिटरमध्ये (बॅटरीसारखी वीज साठवणारं, पण सेकंदांत चार्ज होणारं उपकरण) चार्ज साठतो तोच मुळी पृष्ठभागावर, मग यापेक्षा भारी मटेरियल कुठलं असणार?

पण प्रत्यक्षात तेवढा चार्ज काही साठत नाही. एक तर थर एकमेकांना चिकटून बसतात आणि आयन (विद्युतभार असलेले कण) आत शिरूच शकत नाहीत. दुसरं कारण मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. शुद्ध ग्रॅफिनमध्ये इलेक्ट्रॉन पळतात सुसाट, पण ज्या एनर्जीच्या आसपास चार्ज भरायचा असतो तिथे त्यांच्यासाठी मोकळ्या जागाच फार कमी असतात, म्हणजे बाहेर आयन वाट बघत उभे असले तरी आत इलेक्ट्रॉन घ्यायला ग्रॅफिन तयार नाही.

इथे डोपिंग कामाला येतं. काही कार्बन अणू काढून त्यांच्या जागी नायट्रोजन (एक इलेक्ट्रॉन जास्त) किंवा बोरॉन (एक कमी) बसवला की इलेक्ट्रॉनसाठीच्या मोकळ्या जागा वाढतात. शिवाय कडेला बसलेला नायट्रोजन अ‍ॅसिडमधल्या प्रोटॉनशी छोटीशी, उलट फिरवता येणारी रिअ‍ॅक्शन करतो, त्यातून आणखी थोडा चार्ज मिळतो. मात्र प्रमाण सांभाळावं लागतं, जास्त डोपिंग केलं तर कार्बन अणूंची जाळी बिघडते आणि वीज वाहायचीच बोंब होते.

आता हे सगळं वाकणाऱ्या, नखाएवढ्या डिव्हाइसमध्ये कसं बसवायचं? अमेरिकेतल्या राइस युनिव्हर्सिटीच्या जेम्स टूर यांच्या ग्रुपची आयडिया मला फार आवडते. पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकवर लेझर मारला की तिथल्या तिथे सच्छिद्र ग्रॅफिन तयार होतं, हे त्यांनी २०१४ मध्ये दाखवलं आणि पुढच्याच वर्षी ते प्लास्टिक बनवताना त्यात बोरिक अ‍ॅसिड मिसळलं, म्हणजे लेझरच्या एकाच फटक्यात ग्रॅफिनही तयार आणि बोरॉनचं डोपिंगही झालेलं! कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) साधारण तिप्पट झाला. दोन्ही इलेक्ट्रोड एकमेकांत अडकवलेल्या दोन फण्यांसारखे शेजारी शेजारी कोरतात, वर जेल इलेक्ट्रोलाइट (आयन ज्यातून ये-जा करतात ते माध्यम), त्यामुळे आयनला कमी अंतर कापावं लागतं आणि गळायला काही पातळ नसतंच. हजारो वेळा वाकवलं तरी चालतं.

लिथियम बॅटरीची जागा हे लगेच घेणार नाही हेही खरं. पाण्यावर आधारलेलं जेल असेल तर एका सेलला जेमतेम १ व्होल्ट मिळतो, साठणारी ऊर्जा बॅटरीपेक्षा बरीच कमी, आणि चार्ज करून नुसतं ठेवलं तरी हळूहळू उतरतं. पण सेकंदांत चार्ज होणं आणि बॅटरीच्या कितीतरी पट जास्त चार्ज-डिस्चार्ज सायकल टिकणं, हे अंगावर चिकटवायच्या सेन्सरला जास्त उपयोगाचं, कारण तो थोडीच वीज घेतो आणि ती शरीराच्या हालचालीतून किंवा छोट्या सोलर सेलमधून पुन्हा पुन्हा भरता येते.