शितावरून भात, पत्रावरून लोकमत?

१९३५चा उन्हाळा. वीज कंपन्यांची अवाढव्य साम्राज्यं मोडणारं विधेयक अमेरिकी संसदेत होतं. पेनसिल्व्हेनियाचे खासदार डेनिस ड्रिस्कॉल यांच्याकडे वॉरन या गावातून विरोधाच्या शेकडो तारा येऊन पडल्या. त्यांनी त्या चाळल्या, तर बहुतेकांची आडनावं ए, बी, सी, डी यांपैकीच एखाद्या अक्षराने सुरू होणारी! सिनेटच्या चौकशीत उलगडा झाला. गावाच्या नामसूचीतून नावं ओळीने उतरवून घेतली होती. ज्यांच्या नावाने तारा गेल्या, त्यांतल्या अनेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

खोटी तार अशी पकडता येते. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो खऱ्या पत्रांचा प्रश्न.

१९४० साली सक्तीच्या लष्करभरतीचं विधेयक आलं, तेव्हा संशोधकांनी काही सिनेटरांचं टपाल मोजलं. सुमारे ९० टक्के पत्रं विरोधात होती. त्याच दिवसांत जनमत चाचण्यांमध्ये मात्र बहुमत भरतीच्या बाजूने होतं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. ज्या आईचा मुलगा पहिल्या यादीत जाणार, ती रात्री दिवा लावून पत्र लिहायला बसते. ज्याला कायदा पटलाय तो निवांत झोपतो.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण शीत आपण उचलतो. इथे शितं आपणहून पळीत उडी मारतात. म्हणून पत्रं दुप्पट आली तरी चूक कमी होत नाही. शंभर असोत की लाख, लिहिणारे तेच, त्याच स्वभावाचे.

ते किती थोडे असतात, हे १९६४च्या निवडणुकीच्या अभ्यासात दिसलं. कुठल्याही सरकारी पदाधिकाऱ्याला आयुष्यात एकदा तरी पत्र लिहिलेले प्रौढ जेमतेम १५ टक्के होते, आणि एकूण पत्रांपैकी दोन तृतीयांश पत्रं लोकसंख्येतल्या साधारण ३ टक्के लोकांची होती. या पत्रलेखकांत रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांचे समर्थक त्यांच्या लोकसंख्येतल्या प्रमाणाहून कितीतरी जास्त होते. प्रत्यक्षात गोल्डवॉटर यांना ३९ टक्क्यांहून कमी मतं मिळाली.

मग टपाल वाचूच नये का? जरूर वाचावं, पण किती पत्रं आली हे मोजायला नव्हे. छापील मजकुराखाली सही केलेली शंभर कार्डं एकच गोष्ट सांगतात. त्या आईच्या पत्रात मात्र मुलाचं वय असतं, शेतात दुसरा हात नाही हे असतं, आणि कायद्याचं नेमकं कोणतं कलम तिच्या घरात शिरणार आहे, तेही असतं. चाचणीच्या आकड्यात यातलं काहीच उमटत नाही.