दंडाच्या हाडामागची नस

एका हाताने दुसऱ्या हाताचं कोपर धरा. बाहेरच्या बाजूला एक टणक उंचवटा बोटाला लागेल. तिथून दंडावर सरळ वर सरकलात, की साधारण 10 सेंटिमीटरवर रेडियल नर्व्ह ही मेंदूचे आदेश वाहणारी नस (रक्तवाहिनी नव्हे) स्नायूंमधला पडदा भेदून दंडाच्या मागच्या बाजूकडून पुढे येते. दंडाचं मोडलेलं हाड धातूची प्लेट लावून जोडताना सर्जन ज्या नसेला सगळ्यात जास्त जपतात, ती हीच.

मनगट आणि बोटं मागे उचलणारे स्नायू हिच्या हुकमावर चालतात. तिला इजा झाली की मनगट लुळं पडतं. हात पुढे धरला तरी पंजा खाली लोंबतो. कोपर मात्र बहुधा सरळ करता येतं, कारण ते सरळ करणाऱ्या, दंडामागच्या ट्रायसेप्स स्नायूकडे जाणाऱ्या बऱ्याच फांद्या त्याआधी, वरच फुटलेल्या असतात.

काखेतून दंडात उतरल्यावर ही नस हाडाच्या मागून तिरका वळसा घालते. त्या वाटेवर सहाएक सेंटिमीटर ती थेट हाडाला टेकलेली असते. त्यामुळे दंडाचं हाड मोडलेल्या शंभरातल्या अकरा-बारा जणांची ही नस शस्त्रक्रियेआधीच, हाड मोडतानाच दुखावलेली असते. हाडाच्या खालच्या एक तृतीयांश भागातलं पिळवटलेलं फ्रॅक्चर या नसेला विशेष घातक. होल्स्टाइन आणि लुईस या डॉक्टरांनी 1963 मध्ये त्याकडे लक्ष वेधलं. पडदा भेदते तिथे नस जखडलेली असते, तिला बाजूला सरकायला जागाच नसते. दिलासा एवढाच, की अशा बहुतेक रुग्णांची नस पुढच्या काही महिन्यांत आपोआप बरी होते.

शस्त्रक्रियेत मागच्या बाजूने हाडापर्यंत जायचं, तर नस वाटेत येणारच. तिच्यापासून लांब राहू, म्हणजे ती वाचेल, असं आपल्याला वाटेल. पण न दिसलेली नसच रिट्रॅक्टरखाली, म्हणजे मांस बाजूला धरणाऱ्या अवजाराखाली, ताणली जाते किंवा प्लेटखाली चिरडते. म्हणून आधी ती शोधायची, डोळ्यांनी पाहायची आणि मगच हाडाला हात घालायचा.

शोधायची कुठे? मृतदेहांवर केलेल्या मोजमापांतून काही आकडे हाती आले आहेत. कोपराच्या आतल्या उंचवट्यापासून साधारण 20 ते 21 सेंटिमीटर वर नस हाडामागे येते आणि बाहेरच्या उंचवट्यापासून सुमारे 14 सेंटिमीटरवर हाडाची मागची बाजू सोडते. पण ही सरासरी झाली. उंच माणसाचा दंड लांब, ठेंगण्याचा आखूड. शिवाय मोडलेल्या हाडाचे तुकडे एकमेकांवर चढलेले असतील, तर कोपरापासून घेतलेलं माप चुकतंच. ज्या हाडावरून मोजायचं, तेच जागेवर नसतं!

म्हणून मला मऊ ऊतींमधली खूण जास्त भरवशाची वाटते. ट्रायसेप्सचे लांब आणि बाहेरचा असे दोन भाग खाली जिथे एकत्र येतात, तिथे कंडरेचा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट भागाचा, पांढरा, चकचकीत पट्टा सुरू होतो. लाल मांसात त्याचं वरचं टोक स्पष्ट उठून दिसतं. त्या टोकापासून दोनेक बोटं वर, म्हणजे अडीच ते चार सेंटिमीटरवर, खोलात नस सापडते. हाड मोडलं तरी हे टोक फारसं हलत नाही.

आणखी एक वाट आहे. ट्रायसेप्सच्या बाहेरच्या कडेला, कातडीखाली, कोपराखालच्या हाताच्या त्वचेला संवेदना देणारी एक बारीक फांदी मिळते. ती धरून हळूहळू वर गेलं, की ती थेट मूळ नसेपाशी नेते. चार-पाच मिलिमीटर जाडीची, पिवळसर पांढरी दोरी. अंगावर केसासारख्या रक्तवाहिन्या आणि शेजारून जाणारी धमनी. मग तिच्याभोवती मऊ रबरी पट्टी सैल अडकवतात; ती खूण म्हणून असते, ओढायला नाही.

प्लेट बसली की नस तिच्यावरून आडवी जाते. ती प्लेटच्या कितव्या भोकावर आहे, हे सर्जन शस्त्रक्रियेच्या नोंदीत लिहून ठेवतात. पुढे कधी प्लेट काढायची वेळ आली, तर व्रण झालेल्या मांसात नस ओळखणं फार अवघड जातं. तेव्हा नव्या सर्जनला खालून भोकं मोजत वर जाता येतं.