कन्नड, इंग्रजी, जर्मन: मराठी माणसाला आधीच काय येतं?

आमच्या भाषावर्गांच्या चौकशीला येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "पोरं व्याकरण न शिकता बोलतात, मग आम्हालाच कशाला?" नाव नोंदवण्याआधी हे वाचून घ्या.

मूल ऐकलेलं नुसतं परत म्हणत नाही. दोन-तीन वर्षांचं पोर "मी करलं" म्हणतं. घरात तसं कुणीच बोलत नसतं. 'बसलं', 'पडलं' ऐकून त्यानं स्वतःच नियम काढलेला असतो. थोडंसं ऐकून इतकं व्याकरण जमतं, त्याअर्थी त्याचा आराखडा जन्मतःच डोक्यात असतो, असं भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांचं म्हणणं. मानसशास्त्रज्ञ मायकेल टोमासेलो यांना ते पटत नाही. दुसऱ्याचा हेतू ओळखणं आणि बोलण्यातले नमुने हेरणं एवढ्यावर भाषा येते, असं ते मानतात. मोठेपणी तो आराखडा हाताशी राहतो का, यावर तर चॉम्स्कींच्या बाजूच्यांतही दोन तट आहेत.

हा वाद आमच्या वर्गात सुटणार नाही. आम्हाला एवढं दिसतं, की तुम्ही कोरे येत नाही, मराठी घेऊन येता.

कन्नडला त्याचा फायदा भरपूर. 'नानु सांगलीगे होगुत्तेने' म्हणजे 'मी सांगलीला जातो'. शब्दांचा क्रम तोच, 'ला'च्या जागी 'गे'. आपल्या सांगलीजवळच्या कुपवाडवर भाषेचे अभ्यासक जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ सालचा प्रसिद्ध अभ्यास आहे. तिथं मराठी, कन्नड, उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदून त्यांची वाक्यरचना जवळजवळ एक झाली, शब्द तेवढे वेगळे राहिले. कन्नडमध्ये 'मी जातो', 'मी जाते' असा फरकही नाही. आपल्याकडच्या कित्येक बायका "मी जातो"च म्हणतात, त्यांना तर हे अंगवळणी पडलेलंच आहे! म्हणून कन्नडला पहिल्या तासापासून बोलायलाच लावतो.

इंग्रजीत मराठी आडवी येते. क्रियापद मधे, 'ला', 'वर', 'त' यांचं काम करणारे शब्द नामाच्या आधी, आणि 'अ', 'द' तर आपल्याकडे नाहीतच. एवढ्यापुरतं व्याकरण सांगतो आणि घोटून घेतो. जर्मनमध्ये तीन लिंगं पाहून कुणी दचकत नाही, पण सूर्य तिथं स्त्रीलिंगी आहे, तेव्हा पाठांतर सुटत नाही.

वयाची धास्ती नको. इंग्रजी बोलणारी कुटुंबं नेदरलँड्समध्ये डच कशी शिकली, याचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या काही महिन्यांत किशोरवयीन मुलं आणि मोठी माणसं चिमुकल्यांच्या पुढे होती. लांबच्या पल्ल्यात, विशेषतः उच्चारांत, लहान वयात शिकलेले बहुधा सरस ठरतात. त्यामुळे 'अगदी तिथल्यासारखे उच्चार' असं आश्वासन आम्ही देत नाही.

बाजारातल्या मंडळींसाठी कन्नडची बॅच मार्केट यार्डातले सौदे आटोपल्यावर, संध्याकाळी असते. फी महिन्याच्या महिन्याला घेतो, सगळ्या कोर्सची आगाऊ नाही. एखाद्या तासाला येऊन बसा, मग ठरवा.