डिजिटल खासगीपणाची हद्द

डिजिटल खासगीपणा, म्हणजे रोजच्या बोलण्यातली प्रायव्हसी, याचा साधा अर्थ असा की फोनवर किंवा कॉम्प्युटरवर आपण काय लिहितो, काय वाचतो, काय शोधतो, कुठे जातो, कुणाशी बोलतो हे कुणाला कळावं आणि कुणाला कळू नये हे आपलं आपल्याला ठरवता येणं. ही नोंद त्याच्या हद्दीबद्दल आहे, म्हणजे एकीकडून सरकारं आणि दुसरीकडून कंपन्या अशी दोन्ही बाजूंनी पाळत असताना एकट्या माणसाच्या हातात नेमकं किती उरतं. थोडक्यात सांगायचं तर आपण काय बोललो हे आज बऱ्यापैकी झाकता येतं, पण कुणाशी, कधी आणि कुठून बोललो हे झाकणं फार अवघड आहे, आणि आपल्याबद्दल दुसऱ्या कुणी जे देऊन टाकलंय ते तर आपल्या हातात कधी नव्हतंच.

हक्क कुठून आला

या हक्काची गोष्ट बहुतेक वेळा १८९० पासून सांगतात. त्या वर्षी सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन अमेरिकी वकिलांनी हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला, तेव्हा त्यांना काळजी होती ती झटपट फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांची आणि लोकांच्या घरात डोकावणाऱ्या वर्तमानपत्रांची. हेच ब्रँडाइस पुढे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश झाले आणि १९२८ साली फोन टॅपिंगच्या खटल्यात बहुमताच्या विरोधात उभे राहिले. त्या वेळी ते हरले, पण १९६७ मध्ये त्याच कोर्टाने मान्य केलं की फोन बूथमधलं बोलणंसुद्धा वॉरंटशिवाय ऐकता येणार नाही.

पण मग आला १९७९ चा स्मिथ विरुद्ध मेरीलँड हा निकाल, आणि खरं पाणी मुरतंय ते इथे. कोर्ट म्हणालं की तुम्ही जो नंबर फिरवता तो तुम्ही स्वतःहून फोन कंपनीला देता, आणि तिसऱ्याला एकदा दिलेल्या माहितीवर खासगीपणाची अपेक्षा ठेवता येत नाही. तेव्हा प्रश्न फक्त फिरवलेल्या नंबरांचा होता. आज आपला मेल, फोटो, नकाशे, पैशाचे व्यवहार, झोपेची नोंद, सगळंच कुठल्या ना कुठल्या कंपनीमार्फत जातं, त्यामुळे हा नियम शब्दशः लावला तर खासगी असं काही शिल्लकच राहत नाही. हे कोर्टालाही पुढे जाणवलं, म्हणून २०१८ च्या कारपेंटर खटल्यात ५ विरुद्ध ४ अशा मतांनी ठरलं की मोबाईल टॉवरवरून मिळणारा माणसाच्या हालचालींचा जुना रेकॉर्ड घ्यायला साधारणपणे वॉरंट लागेल. त्या खटल्यात १२७ दिवसांत त्या माणसाची जागा १२,८९८ वेळा नोंदली गेली होती, म्हणजे दिवसाला सरासरी शंभर वेळा, आणि त्याने फोन खिशात ठेवण्यापलीकडे काहीही केलेलं नव्हतं. भारतात २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला. कागदावर हक्क आहे, बऱ्याच ठिकाणी आहे. प्रश्न तो प्रत्यक्षात कुठवर पोचतो याचा आहे.

एक सर्च, रात्री दोन वाजता

हे समजायला एक साधा प्रसंग घेऊ. एक बाई रात्री दोन वाजता अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर एका आजाराचं नाव टाइप करते, कारण तिला स्वतःला एक गाठ लागलीये आणि अजून तिने कुणालाच सांगितलं नाहीये. सर्च कंपनीकडे ते शब्द, वेळ, आयपी पत्ता (म्हणजे इंटरनेटवरचा तिच्या कनेक्शनचा क्रमांक) आणि लॉगिन असेल तर तिचं अकाउंट असं सगळं एकत्र नोंदलं जातं. ती एका आरोग्याच्या साइटवर क्लिक करते, वर कुलपाचं चिन्ह दिसतं, त्यामुळे इंटरनेट देणाऱ्या कंपनीला पानावरचा मजकूर दिसत नाही, पण साइटचं नाव बहुतेक वेळा दिसतंच, कारण साइटचा पत्ता विचारताना आणि कनेक्शन जुळवताना ते नाव उघडं जातं. पान उघडता उघडता त्यावरच्या जाहिरातीच्या रिकाम्या जागेचा लिलाव होतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत. त्या लिलावासाठी पानाचा पत्ता, फोनचं मॉडेल, साधारण ठिकाण आणि फोनचा जाहिरात क्रमांक (जाहिरातींसाठी फोन ओळखायचा नंबर) अशी माहिती कितीतरी कंपन्यांना एकाच वेळी पाठवली जाते. जागा एकालाच मिळते पण माहिती हरलेल्यांनाही मिळालेली असते, आणि ती त्यांनी साठवू नये हे बघणारं तिथे त्या क्षणी कुणी नसतं. शेजारी झोपलेल्या माणसाला अजून काही माहीत नाहीये, पण ती काय वाचतेय हे डझनावारी अनोळखी कंपन्यांकडे गेलेलं आहे. यात कुणी तिचा फोन हॅक केलेला नाही, हे रोजचं चालू कामकाज आहे, आणि मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त टोचणारी गोष्ट हीच वाटते.

मेटाडेटा आणि नाव काढून टाकलेला डेटा

मजकूर सोडून उरलेलं सगळं, म्हणजे कुणी कुणाला, किती वाजता, किती वेळ, कुठून, याला मेटाडेटा म्हणतात. ऐकायला हा किरकोळ वाटतो, पण मध्यरात्री एखाद्या हेल्पलाइनला चाळीस मिनिटांचा कॉल, मग सकाळी डॉक्टरला, मग वकिलाला, एवढी यादी समोर असेल तर बोलणं ऐकायची गरजच राहत नाही. अमेरिकेच्या एनएसए आणि सीआयए या दोन्ही गुप्तचर संस्थांचे प्रमुख राहिलेले मायकेल हेडन २०१४ मध्ये जाहीरपणे म्हणाले होते की आम्ही मेटाडेटाच्या आधारावर माणसं मारतो.

कंपन्यांचं नेहमीचं उत्तर असतं की डेटात नावं नसतात. पण ते टिकत नाही. लतान्या स्वीनी या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं होतं की अमेरिकेतल्या साधारण ८७ टक्के लोकांना फक्त जन्मतारीख, लिंग आणि पिन कोड यावरून वेगळं ओळखता येऊ शकतं, आणि त्यांनी नावं काढून टाकलेल्या हॉस्पिटलच्या नोंदींमधून मॅसॅच्युसेट्सच्या त्या वेळच्या गव्हर्नरची फाइल शोधून काढली होती. २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने साडेसहा लाख युजर्सचे सर्च नावाच्या जागी नंबर टाकून संशोधनासाठी खुले केले, तर पत्रकारांनी नुसते सर्च वाचून त्यातल्या एका बाईंच्या घरापर्यंत मजल मारली. आणि २०१३ च्या एका अभ्यासात १५ लाख लोकांचा १५ महिन्यांचा मोबाईल डेटा तपासला तेव्हा कळलं की जागा आणि वेळ यांचे फक्त ४ बिंदू माहीत असले तरी ९५ टक्के लोक वेगळे ओळखता येतात. रात्री फोन जिथे असतो ते घर आणि दिवसा जिथे असतो ते काम, एवढ्यावरच माणूस जवळजवळ सापडतो, नाव नंतर लावता येतं.

सरकार आणि कंपन्या वेगळ्या नाहीत

बरेच जण विचारतात की जास्त भीती कुणाची, सरकारची की कंपन्यांची. हा प्रश्नच चुकीच्या जागी सुरू होतो असं मला वाटतं, कारण डेटा एकाच टाकीत साठतो आणि नळ दोघांकडेही असतात. जून २०१३ मध्ये एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांतून जगाला हे पहिल्यांदा पुराव्यासकट कळलं. गार्डियनने छापलेल्या पहिल्याच कागदात व्हेरायझन कंपनीला गुप्त कोर्टाचा हुकूम होता की ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी रोजच्या रोज एनएसएला द्याव्यात, संशयितांच्या नव्हे, सगळ्यांच्या. मग प्रिझम हा एनएसएचा कार्यक्रम बाहेर आला, ज्यात मोठ्या इंटरनेट कंपन्यांकडून परदेशी लोकांचा डेटा घेतला जात होता. २०१५ मध्ये कॉलच्या नोंदींची ती घाऊक वसुली कायद्याने थांबवली गेली, पण परदेशी माणसांवर नजर ठेवणारा कायदा चालूच राहिला, आणि जगातले बहुतेक लोक त्या हिशोबाने परदेशीच आहेत.

शिवाय आता हुकूम काढायचीही गरज उरलेली नाही, सरळ विकत घेता येतं. मोफत ॲप लोकेशन गोळा करतं, ते डेटा ब्रोकरला जातं, ब्रोकर ज्याला हवं त्याला विकतो. २०२० मध्ये उघड झालं की नमाजाच्या वेळा दाखवणाऱ्या एका लोकप्रिय ॲपमधलं लोकेशन याच वाटेने ठेकेदारांमार्फत अमेरिकी लष्करापर्यंत पोचत होतं. ज्या माहितीसाठी पोलिसांना न्यायाधीशासमोर उभं राहावं लागलं असतं ती पैसे मोजून मिळते, म्हणजे कोर्टाने पुढचा दरवाजा बंद केला आणि मागच्या बाजूला दुकान उघडलेलं आहे.

एन्क्रिप्शन कुठे टिकतं

इथे खरंच चांगली बातमी आहे. एंड टू एंड एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेज फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनवर उलगडणं, नीट बनवलेलं असेल तर टिकतं. २०१६ मध्ये सिग्नल हे मेसेजिंग ॲप बनवणाऱ्यांकडे अमेरिकेत कायदेशीर मागणी आली तेव्हा ते दोनच गोष्टी देऊ शकले, अकाउंट कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. लपवलं नव्हतं काही, त्यांच्याकडे दुसरं काही साठवलेलंच नव्हतं. याउलट लावाबिट या मेल सेवेकडे २०१३ मध्ये सगळ्या ग्राहकांचा ट्रॅफिक उघडू शकणारी चावी मागितली गेली आणि मालकाने शेवटी सेवाच बंद केली. फरक काय तर एका ठिकाणी मागण्यासारखी चावी होती, दुसऱ्या ठिकाणी नव्हती.

म्हणूनच सरकारं अधूनमधून मागणी करतात की एक जास्तीची चावी आमच्यासाठी ठेवा. १९९३ चा अमेरिकी सरकारचा क्लिपर चिप, म्हणजे फोनमध्ये बसवायची एन्क्रिप्शनची चिप, हा तसाच प्रयत्न होता, पुढच्याच वर्षी मॅट ब्लेझ या संशोधकांनी त्यातली खोट दाखवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने ब्रिटनमधल्या युजर्ससाठी क्लाउडचं सर्वात कडक संरक्षण काढून घेतलं, तेही सरकारी मागणीच्या बातम्या आल्यानंतर. या मागणीतला धोका काल्पनिक नाहीये. ग्रीसमध्ये २००४-०५ मध्ये मोबाईल नेटवर्कमधली कायदेशीर टॅपिंगची सोयच कुणीतरी ताब्यात घेऊन पंतप्रधानांसकट शंभराहून जास्त लोकांचे फोन ऐकले. २०२४ मध्ये अमेरिकी टेलिकॉम कंपन्यांमध्ये हॅकर शिरले, ज्यांचा संबंध अमेरिकेने चीनशी जोडला, आणि ते टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंत पोचले होते. त्यानंतर तिथल्याच अधिकाऱ्यांनी लोकांना सांगितलं की एन्क्रिप्ट होणारे मेसेजच वापरा. चांगल्या माणसांसाठी म्हणून केलेल्या भोकातून कोण येईल हे भोक ठरवत नाही.

आणि कुठे टिकत नाही

एन्क्रिप्शन वाटेवर काम करतं, दोन्ही टोकांना नाही. पेगासससारखं स्पायवेअर फोनमध्येच बसतं, मेसेज उलगडल्यावर वाचतं, माइक चालू करतं. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉल सुविधेतल्या खोटेतून ते सुमारे १,४०० फोनवर टाकायचा प्रयत्न झाला, कॉल उचलायचीही गरज नव्हती. अशा हल्ल्यापुढे सामान्य माणसाची काळजी घेणं फारसं पुरत नाही, हे स्पष्टपणे मान्य करायला हवं. ते महागडं असतं म्हणून सगळ्यांवर वापरलं जात नाही, एवढाच काय तो दिलासा, आणि ज्या पत्रकारांवर किंवा कार्यकर्त्यांवर ते वापरलं गेलं त्यांना तर तोही नाही.

टॉर, म्हणजे इंटरनेटवर आपला ठावठिकाणा लपवणारं नेटवर्क, त्याचीही तीच गत, साधन मजबूत पण आजूबाजूचं जग उघडं. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळायला टॉर वापरून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉर कुणी फोडलं नाही, तपास करणाऱ्यांनी फक्त त्या वेळी विद्यापीठाच्या नेटवर्कवरून टॉर कोण वापरत होतं एवढं बघितलं. त्याने गुन्हाच केला होता, पण शिकण्यासारखी गोष्ट अशी की लपायला गर्दी लागते, एकटा माणूस लपलेला उठून दिसतो.

दुसऱ्यांनी दिलेलं

मित्राने ॲपला कॉन्टॅक्ट लिस्टची परवानगी दिली की आपला नंबर गेला, आपल्याला कुणी विचारत नाही. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराच्या कंपनीच्या प्रकरणात फेसबुकवरचं क्विझचं ॲप टाकलं होतं सुमारे २.७ लाख लोकांनी, आणि डेटा गेला तो फेसबुकच्याच अंदाजाने ८.७ कोटींपर्यंत लोकांचा, कारण मित्रांचाही ओढला गेला. २०२३ मध्ये २३अँडमी या डीएनए तपासणी कंपनीची अंदाजे १४ हजार अकाउंट थेट फुटली, पण नातेवाईक जुळवणाऱ्या सोयीमुळे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. डीएनएच्या बाबतीत तर कधीच थुंकी न दिलेला माणूससुद्धा चुलतभावंडांमुळे सापडू शकतो. पासवर्ड बदलता येतो, आजोबा बदलता येत नाहीत.

कर नाही त्याला डर कशाला

हे वाक्य या विषयावर हमखास ऐकू येतं. पण खासगीपणा गुन्हा लपवायला लागतो ही समजूतच चुकीची आहे. वर सांगितलेल्या त्या बाईने काय केलं होतं? तिला फक्त आधी स्वतःला समजून घ्यायचं होतं आणि मग सांगायचं होतं. शिवाय पाळत आहे एवढं नुसतं माहीत असलं तरी लोक बदलतात, २०१३ च्या गौप्यस्फोटानंतर विकिपीडियावर दहशतवादाशी संबंधित लेखांचं वाचन घटल्याचं अभ्यासात दिसलं, आणि ते लेख वाचणं कुठल्याच कायद्याने गुन्हा नव्हतं.

मग माणसाने काय करावं तर आपल्या हद्दीतलं करावं. सॉफ्टवेअर अपडेट ठेवणं, एन्क्रिप्टेड मेसेंजर, क्लाउड बॅकअपही एन्क्रिप्ट करणं, नको त्या ॲपची लोकेशन परवानगी काढणं, जाहिरात क्रमांक बंद करणं, ट्रॅकर अडवणारा ब्राउझर. व्हीपीएनवर, म्हणजे आपला ट्रॅफिक दुसऱ्या कंपनीमार्फत वळवणाऱ्या सेवेवर, फार विसंबू नये, त्याने इंटरनेट कंपनीवरचा विश्वास काढून व्हीपीएन कंपनीवर टाकला जातो, एवढंच. यातून घाऊक पाळत महाग होते, नेम धरून ठेवलेली थांबत नाही. खरा फरक पडतो तो साठवण्याची पद्धतच बदलते तेव्हा. पोलिस गुगलला विचारायचे की अमुक वेळी अमुक जागेच्या आसपास असलेल्या सगळ्यांचे फोन कोणते ते सांगा, त्यात नुसते तिथून गेलेलेही यायचे, आणि अशा वॉरंटविरुद्ध वर्षानुवर्षं खटले चालले. डिसेंबर २०२३ मध्ये गुगलने जाहीर केलं की हा लोकेशनचा इतिहास यापुढे त्यांच्या सर्व्हरऐवजी ज्याच्या त्याच्या फोनवर राहील. टॉवरच्या नोंदी मात्र मोबाईल कंपन्यांकडे होत्या तशाच आहेत.